अटलांटाचा रविवार आणि संत्र्याचा रस

बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या मुलीनं मंडळाच्या अंकात वाइनवर लिहायचं म्हणजे जरा धाडसच आहे. संपादकांना आधी फोन करून विचारलं. ते म्हणाले, "लिही, पण बेताचं." म्हणून सुरुवातीलाच सांगते, या पेयात निम्मा संत्र्याचा रस असतो. माझा लेखही निम्म्याहून जास्त त्या रसावरच आहे.

आम्ही अटलांटात राहायला आलो २०१७ साली. शहराला लागूनच असलेल्या डिकेटर नावाच्या छोट्या गावात आमचं घर आहे. आल्यावर पहिल्याच महिन्यात ऑफिसमधल्या मंडळींनी रविवारी ब्रंचला नेलं. ब्रंच म्हणजे नाश्ता आणि जेवण यांच्या मधलं खाणं, हे सगळ्यांना माहीत आहे. हा शब्द १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज लेखकानं पहिल्यांदा छापला. शनिवारी रात्री उशिरा झोपलेल्यांना रविवारी सकाळी उठून जड जेवण नको असतं, असा त्याचा मुद्दा होता. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र मला ब्रंच वेगळ्याच कारणानं होताना दिसला. इथं लोक चर्चहून येतात. बायकांच्या डोक्यावर रंगीत, मोठ्या काठाच्या हॅट, पुरुष सुटाबुटात, मुलं इस्त्रीच्या कपड्यांत चुळबुळत. मग टेबलावर येतात बिस्किटं. ही आपली चहात बुडवायची बिस्किटं नव्हेत, गरम आणि मऊ, थरांची, लोणी लावून खायची. सोबत अंडी, तळलेली कोंबडी आणि ग्रिट्स. ग्रिट्स पहिल्यांदा तोंडात घातले तेव्हा मी एकदम म्हणाले, "अरे, या तर मक्याच्या कण्या!" फक्त वर चीज.

त्या दिवशी साडेअकरा वाजले होते आणि टेबलावरचे तिघे-चौघे सारखे घड्याळ बघत होते. मला वाटलं, यांना कुठं जायचंय. मग कळलं की जॉर्जिया राज्यात रविवारी साडेबाराच्या आधी रेस्टॉरंटला दारू देता येत नाही. चर्चची वेळ संपेपर्यंत बंदी. साडेबाराच्या ठोक्याला वेटर ट्रे घेऊन आला. उंच, निमुळत्या ग्लासांत केशरी पेय, वर बारीक फेस. मी बडोद्याची, मला हे फार ओळखीचं वाटलं. गुजरातेत राज्य जन्मलं त्या दिवसापासून, १ मे १९६० पासून, दारूबंदी आहे. २०२३ च्या अखेरीला गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत थोडी सूट मिळाली तेवढीच. कायदा एका बाजूला, घड्याळ दुसऱ्या बाजूला आणि मधे माणसं वाट बघतायत, हे दृश्य मी लहानपणापासून वेगळ्या रूपात पाहिलेलं होतं.

पुढच्याच वर्षी इथं तो कायदा बदलला. विधानसभेनं साडेबाराचे अकरा करायची मुभा दिली, पण प्रत्येक गावानं मतदान करून ठरवायचं होतं. नोव्हेंबर २०१८ च्या मतपत्रिकेवर राज्यपालाच्या निवडणुकीबरोबर हाही प्रश्न होता. लोकांनी गमतीनं त्याला 'मिमोसा मँडेट' नाव दिलं. ज्या पेयासाठी अख्ख्या राज्यात मतदान होतं त्याची मला जरा उत्सुकता वाटली.

मिमोसा म्हणजे फसफसणारी वाइन आणि संत्र्याचा रस, समसमान. लंडनच्या बक्स क्लबमध्ये १९२१ च्या सुमारास यासारखंच 'बक्स फिझ' करत. त्यात वाइन रसाच्या दुप्पट. पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात १९२५ साली ते सम प्रमाणात आलं आणि मिमोसा झालं असं सांगतात. नाव आलं ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर हिवाळ्यात फुलणाऱ्या एका झाडावरून. मूळ ऑस्ट्रेलियाचं, आपल्या बाभळीच्या नात्यातलं झाड, तशीच पिवळी गोंड्यासारखी फुलं. आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काय? समोसा?" मग सगळं समजावल्यावर, "म्हणजे बाभळीच्या फुलांचं सरबत म्हण की!" तेव्हापासून आमच्या घरात त्याला बाभळीचं सरबत हेच नाव आहे.

हे सरबत मी पहिल्यांदा घरी केलं तेव्हा चूक केली, आणि ती साधी नव्हती.

आमच्या ओळखीच्या सात-आठ घरांत पाळीनं रविवारचा ब्रंच असतो. पहिली पाळी आमच्यावर आली तेव्हा मी इंजिनिअरसारखा विचार केला, म्हणजे काम आधी उरकून ठेवू. दोन मोठ्या काचेच्या बरण्या घेतल्या, खाली तोटी असलेल्या. एकीत वाइन आणि रस, दुसरीत रस आणि सोडा. दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. बर्फामुळे बरण्यांना बाहेरून पाणी सुटलं आणि तासाभरात चिठ्ठ्या गळून पडल्या. दोन्हींचा रंग एकच. माझ्या टीममधला एक जण दारू सोडून तेव्हा दोन वर्षं झालेला होता. तो ही गोष्ट लपवत नाही, पहिल्याच भेटीत सांगतो. एरवी कुणाकडे गेला तर स्वतः उघडलेल्या डब्यातलंच पितो. त्या दिवशी माझ्यावर भरवसा ठेवून त्यानं बरणीतून ग्लास भरला. ओठाशी नेला, वास आला, थांबला. ग्लास बेसिनमध्ये नीट रिकामा केला, विसळला, उपडा ठेवला. मग बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी मागोमाग गेले. तो म्हणाला, "तुझी काही चूक नाही." पण त्याचा हात थरथरत होता. पाच मिनिटांनी तो घरी गेला.

दोन बरण्या मी माळ्यावर टाकल्या. पुढच्या पाळीला नुसता चहा केला, त्याच्या पुढच्या पाळीलाही.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आई-बाबा बडोद्याहून आले, तीन महिन्यांसाठी. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाळी आमची. नवरा म्हणाला, "या वेळी चहाच ठेवू. बाबा आहेत." मीही मान हलवली. कारण आमच्या घरात दारू हा शब्द उच्चारत नाहीत, आणि त्याला कारण काका.

काका बाबांचे धाकटे भाऊ. आमच्याच वाड्यात खालच्या मजल्यावर राहायचे. गुजरातेत आजारपणाच्या नावानं परमिट मिळतं, तसं त्यांच्याकडे होतं, पण परमिटातल्यानं भागत नसे. सगळं झाकून चालायचं. घरात स्टीलचे पेले, त्यामुळे आत काय आहे ते दिसत नसे. सणावारी पंगतीत सगळ्यांसाठी संत्र्याचं स्क्वॅश व्हायचं आणि काका आपला पेला घेऊन जिन्यात बसायचे. मी आठ वर्षांची असेन. दसऱ्याचा दिवस होता, खेळून तहान लागली म्हणून काकांच्या पेल्यातलं घटाघट प्यायले. घसा जळला, मी रडायला लागले. बाबा धावत आले. त्यांनी पेल्याचा वास घेतला आणि तो भावाच्या हातात परत दिला. बोलले काहीच नाहीत. त्या दिवसापासून दोघं भाऊ कामापुरतं बोलत. मी बारावीत असताना काका गेले, यकृतानं. काकू अजून त्याच खालच्या मजल्यावर असतात. पण काकांचा विषय कुणी काढत नाही, आणि घरात स्क्वॅश त्यानंतर कधी आलं नाही.

तर संत्र्याच्या रसात दारू घालून बाबांसमोर ठेवायची, हे माझ्या हातून होण्यासारखं नव्हतं.

पण आदल्या शनिवारच्या सहलीनं थोडं बदललं. बाबांना आम्ही कोका-कोलाचं संग्रहालय दाखवायला नेलं. बाबा निवृत्त रसायनतज्ज्ञ, सगळी आयुष्यभराची नोकरी बडोद्याजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. त्यांना कोकपेक्षा त्याच्या जन्मात रस. मी त्यांना वाचलेलं सांगितलं. जॉन पेंबर्टन हा औषधविक्रेता यादवी युद्धात जखमी झाला, दुखण्यावर मॉर्फिन घेता घेता त्याच्या आहारी गेला. त्यातून सुटायला त्यानं कोका घातलेली वाइन बनवली, ती खपायलाही लागली. मग १८८६ मध्ये अटलांटात दारूबंदी आली. त्यानं वाइन काढून टाकली, नवं मिश्रण जमवलं, आणि ते झालं कोका-कोला. पेंबर्टन १८८८ मध्ये गेला, त्याचं पुढं काय होणार ते त्याला दिसलं नाही.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे जगभर पितात ते वाइन काढून उरलेलं."

शेवटच्या दालनात निरनिराळ्या देशांतली पेयं चाखायला ठेवलेली असतात. त्यात इटलीचं बेव्हर्ली नावाचं कडू पेय आहे. लोक ते नकळत पितात, तोंडं वाकडी करतात आणि बाकीचे हसतात. बाबांनी दोनदा घेतलं. "पाडव्याच्या कडुनिंबासारखं आहे, पोटाला चांगलं," म्हणाले.

घरी येताना गाडीत मी धीर करून सांगून टाकलं. पाळी आमची आहे, एरवी लोक काय पितात, मागं काय झालं, त्या बरण्या, तो सहकारी. काकांचं नाव मी घेतलं नाही. आई मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होती. घर येईपर्यंत बाबा बोलले नाहीत. गाडीतून उतरताना म्हणाले, "आधी मिसळून ठेवलंस ना, तिथं चुकलं. प्रयोगशाळेत दोन रंगहीन द्रावणं शेजारी ठेवली की पहिला नियम काय? जे ओतायचं ते सगळ्यांसमोर ओतायचं. रस वेगळा ठेव. सोडा वेगळा. ती बाटलीही वेगळी, टेबलावर, लेबल समोर करून. ज्याला जे हवं ते त्यानं बघून घ्यावं."

मी विचारलं, "म्हणजे बाटली ठेवू?"

"झाकून ठेवू नकोस एवढंच म्हणतोय."

दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघं डिकॅल्ब फार्मर्स मार्केटला गेलो. गोदामाएवढा बाजार, छताला देशोदेशीचे झेंडे टांगलेले, आणि काम करणाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर त्यांना येणाऱ्या भाषा लिहिलेल्या. बाबा खंडेराव मार्केटात हिंडणारे, त्यांना इथं दोन तास पुरले नाहीत. संत्र्यांपाशी मात्र आमची खरी चर्चा झाली. इथली रसाची संत्री म्हणजे घट्ट सालीची, आपल्या मोसंबीच्या घराण्यातली. नागपुरी संत्र्यासारखी सैल सालीची नव्हेत. ढिगात दोन जाती होत्या, नेव्हल आणि व्हॅलेन्सिया. नेव्हल दिसायला देखणं, बिया नाहीत, सोलून खायला उत्तम. पण त्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो. व्हॅलेन्सियात एखाददुसरी बी असते, रस भरपूर, आणि ठेवला तरी गोड राहतो. मोसम मार्च ते जूनचा, म्हणजे अगदी वेळेवर. शेजारच्या फ्लॉरिडात २००५ मध्ये झाडांवर ग्रीनिंग नावाचा रोग आला आणि तिथल्या बागा फार कमी झाल्या, त्यामुळे आमच्या पिशवीत आली ती कॅलिफोर्नियाची संत्री.

हिशेब बाबांनी पावतीच्या मागे केला. बारा माणसं, प्रत्येकी दोन ग्लास, ग्लासात रस ७५ मिलिलिटर, एकूण १८०० मिलिलिटर. एका व्हॅलेन्सियातून साधारण ७० निघतो, म्हणजे २६ फळं, नासकी धरून ३०. वाइनचा हिशेब मी केला. पिणारे सात, प्रत्येकी दोनदा, ७५ नं १०५० मिलिलिटर. ७५० च्या दोन बाटल्या पुरे. बाटल्या शनिवारीच आणाव्या लागतात, कारण रविवारी सकाळी इथं दुकानात विकत नाहीत. शँपेन घेऊ नये. एक तर महाग, शिवाय रस घातल्यावर तिचं नाजूकपण कळतच नाही. स्पेनची कावा घ्यावी, लेबलवर 'ब्रूट' लिहिलेली. 'एक्स्ट्रा ड्राय' असं दिसलं तर फसू नका, नाव कोरडं असलं तरी ती ब्रूटपेक्षा गोड असते आणि रसाबरोबर सरबताचा पाक होतो. दुकानात बाबा बाहेरच थांबतील असं मला वाटलं होतं. ते आत आले. बाटली हातात घेतली नाही, पण लेबल वाचलं.

"गॅस वरून भरतात का?"

"नाही. बाटलीत साखर आणि यीस्ट घालून बंद करतात. आतच पुन्हा आंबते, गॅस बाहेर जात नाही."

"इडलीच्या पिठाचा डबा घट्ट लावला तर होतं ते. दाब किती?"

"पाच-सहा वातावरणं."

"बाप रे. गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त."

म्हणूनच बूच काढताना सिनेमातल्यासारखं उडवायचं नसतं. बाटली आधी चांगली गार करायची, गार द्रवात गॅस जास्त मुरतो आणि फेस कमी येतो. तारेची जाळी सैल करताना अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी धरायची, तोंड माणसांकडे आणि खिडकीकडे नाही. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, बूच नव्हे. फुस्स असा हलका आवाज आला की जमलं.

रविवारी सकाळी सहाला स्वयंपाकघरात खटपट ऐकू आली म्हणून उठले. बाबा संत्री धुऊन, पुसून, आडवी चिरून बसले होते. हातानं पिळायचं काचेचं यंत्र मांडलेलं. यंत्र कसलं, मधे उंचवटा असलेली वाटी. मी विजेवरचं काढून दिलं तर नको म्हणाले. "तो सालीपर्यंत ओरबाडतो, कडू उतरतं. हाताला कळतं कुठं थांबायचं." ३० संत्री त्यांनी पाऊण तासात पिळली. मग दोनदा गाळला. मी म्हटलं, चोथा लोकांना आवडतो. ते म्हणाले, "तुझ्या त्या बाटलीतला गॅस चोथ्याच्या कणांवर बसून एकदम वर येईल. ग्लासाबाहेर जाईल." नंतर करून पाहिलं. बरोबर होतं.

आईनं तोवर सेव-उसळीची तयारी केली होती. रविवारी सकाळी बडोदेकर दुसरं काय खाणार? वाटाणे रात्रीच भिजवलेले, मसाला बडोद्याहून आणलेला, शेव बॅगेत कपड्यांच्या घड्यांमधे. नवऱ्यानं ग्रिट्स केले. तो पुण्याचा, मिसळ आणि सेव-उसळीच्या वादात त्यानं त्या दिवशी पडायचं नाही असं आधीच ठरलं होतं.

टेबलाच्या एका टोकाला मी मांडलं ते असं. बर्फाच्या भांड्यात रसाचा काचेचा जग. त्याच्या डावीकडे सोड्याच्या बंद बाटल्या. उजवीकडे जरा अंतरावर कावाच्या दोन बाटल्या, लेबल समोर. मधे बारा सारखेच ग्लास, सगळे रिकामे. सारखेच हे मुद्दाम. न पिणाऱ्याला पाण्याचा जाड पेला आणि पिणाऱ्याला देखणा ग्लास, असं बऱ्याच घरी होतं. मग न पिणाऱ्याला दर पाच मिनिटांनी कुणीतरी "तू का नाही?" विचारतं. बाबा जगामागे खुर्ची घेऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं.

अकराला लोक यायला लागले. शेजारच्या बाई पहिल्या. त्या निवृत्त शिक्षिका, चर्चहून थेट आलेल्या, डोक्यावर जांभळी हॅट. दारूला त्या आयुष्यात शिवलेल्या नाहीत. बाबांनी त्यांना निम्मा ग्लास रस दिला आणि सोड्याची बाटली त्यांच्यासमोर फोडली. दोघांचं इंग्रजी एकमेकांना निम्मंच कळत होतं, तरी पंधरा मिनिटं बोलत होते. नंतर कळलं, विषय गुडघ्यांचा होता. टीममधली एक मुलगी गरोदर होती, अजून कुणाला सांगितलं नव्हतं. ती सोडा घेऊन सगळ्यांत मिसळली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला तिनं दोन महिन्यांनी सांगितलं.

तो सहकारी सर्वांत शेवटी आला. हातात स्वतःचा डबा होता. त्यानं टेबलाकडे पाहिलं, जग, बाटल्या, रिकामे ग्लास. बाबा उभे राहिले. त्यांनी जगातला थोडा रस आधी स्वतःच्या ग्लासात ओतला आणि प्यायले. मग नवा ग्लास घेऊन त्याच्यासाठी निम्मा भरला आणि सोड्याची बंद बाटली त्याच्या हातात दिली, झाकणासकट. त्यानं ती स्वतः फिरवून उघडली. आवाज झाला. ग्लास भरला, वास न घेता प्यायला. मग बाबांना विचारलं, "साहेब, हा रस तुम्ही काढलात?" बाबांनी दोन्ही तळहात दाखवले. संत्र्याच्या सालीनं पिवळे झाले होते.

मी सगळ्यांना वाढत होते, स्वतः काही घेतलं नव्हतं. घेणारही नव्हते. साडेबारा वाजून गेले तेव्हा बाबांनी मला हाक मारली. एक ग्लास पुढं केला. निम्मा रस, निम्मा रिकामा.

"घे. वरचं तू बघ."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, अमेरिकेत सात वर्षं राहूनही मी त्या क्षणी दांडिया बाजारातली आठ वर्षांची मुलगी होते. सोड्याची बाटली माझ्या हातापाशी होती, ती उचलली असती तर कुणालाच काही वाटलं नसतं. पण मी एरवी रविवारी एक ग्लास घेते, हे खरं आहे. आणि त्यांच्यासमोर सोडा घेऊन ते गेल्यावर वाइन घ्यायची म्हणजे पुन्हा स्टीलचा पेला. मी कावा उचलली.

"हळू ओत," बाबा म्हणाले. "फेस येईल."

खरं तर आधी वाइन आणि मग रस हा जास्त चांगला क्रम. रस जड असतो, आपोआप खाली जातो आणि मिसळतो, ढवळावं लागत नाही. उलट ओतलं तर फेस फार येतो. ग्लास तिरका धरून, काचेवरून बारीक धारेनं ओतलं तरी थोडा फेस वर आलाच. बाबा वाकून बुडबुडे बघत होते. कुठून निघतात, एका रेषेत कसे वर जातात. ते माझ्याकडे बघत नव्हते, ते बरं झालं.

तीनच्या सुमाराला घर रिकामं झालं. सेव-उसळ तळाशी लागलेलीही कुणीतरी पुसून खाल्ली होती, ग्रिट्स मात्र उरले. त्यावर आईनं काही टिप्पणी केली नाही, फक्त नवऱ्याकडे एकदा पाहिलं. कावाची एक बाटली पूर्ण संपली, दुसरी अर्धी. रस मात्र थेंबभरही नव्हता. बाबा बेसिनपाशी ग्लास विसळत होते, मी पुसत होते.

"त्याला मोसंबीचा रस आवडायचा," बाबा एकदम म्हणाले. "लहान असताना. आजारी पडला की वडील खंडेराव मार्केटातून आणायचे. मी पिळायचो. अर्धा पेला त्याला, उरलेला थेंब मला."

मी ग्लास पुसत राहिले. काही बोलले असते तर ते थांबले असते.

"त्या दसऱ्याला मी त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. ओरडायला तरी. नुसता पेला परत दिला." मग नळ बंद करून, हात पुसत, "काकूला फोन लाव ना."

घड्याळात साडेतीन झाले होते. बडोद्यात रात्रीचा एक. मी म्हटलं, "झोपली असेल बाबा. उद्या सकाळी लावते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी मी लावून दिला. बाबांनी काकूला आधी हॅटचं सांगितलं, मग मऊ बिस्किटांचं, ३० संत्र्यांचं. मग आवाज खाली आला. "सुधारला असता का गं तो, असं कधी वाटतं का तुला?" असं म्हणालेलं मला ऐकू आलं. मी लॅपटॉप उचलला आणि दार लोटून दुसऱ्या खोलीत गेले. माझी नऊची मीटिंग संपली तरी ते बोलतच होते.